पाणी कापणारी अलिया

१९८७ सालच्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. अमेरिकेत टेलिव्हिजनवर एक मुलाखत चालली होती. बेसबॉलच्या मोठ्या संघातून जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू मैदानात उतरला, त्याला चाळीस वर्षे झाली होती, म्हणून हा कार्यक्रम. मुलाखत देणारा अल कँपॅनिस हा लॉस एंजेलिसच्या एका नामांकित संघाचा बडा अधिकारी होता, आणि एके काळी तो रॉबिन्सनच्या बरोबरीने खेळलेला होता. त्याला विचारले की काळी माणसे संघाचे व्यवस्थापक का होत नाहीत? तो म्हणाला, त्या कामाला लागणारे काही गुण त्यांच्यात नसावेत. मुलाखत घेणाऱ्याने त्याला सावरायची संधी दिली, तर हा गृहस्थ आणखी खोलात गेला. काळे लोक चांगले पोहणारे का नसतात ते त्याने सांगितले. म्हणे त्यांची शरीरे पाण्यावर तरंगत नाहीत!

दोन दिवसांत त्याची नोकरी गेली. पण वाचकहो, नोकरी गेली म्हणून समजूत जात नाही. काळ्यांची हाडे जड, त्यांचे अंग पाण्याला धार्जिणे नाही, हे 'शास्त्र' त्याच्या आधीही सांगितले जात होते आणि पुढेही कित्येक वर्षे चालू राहिले. ज्याला दारातच अडवले त्याला आत यायची लायकीच नव्हती, असे मागाहून सिद्ध करणारी शास्त्रे आपल्या परिचयाची आहेत. त्यांची नावे तेवढी बदलतात.

आज आम्ही या शास्त्राला पाण्यातच उत्तर देणाऱ्या एका बाईची ओळख करून देणार आहोत. तिचे नाव अलिया अ‍ॅटकिन्सन. जमैका बेटावरची ही मुलगी ब्रेस्टस्ट्रोक प्रकारातली जगज्जेती झाली. पण तिच्याकडे वळण्यापूर्वी त्या तलावांची हकिगत सांगितली पाहिजे. नाहीतर तिने काय केले त्याचे मोल कळणार नाही.

अमेरिकेत गेल्या शतकाच्या विसाव्या-तिसाव्या दशकांत गावोगावी मोठमोठे सार्वजनिक तरणतलाव बांधले गेले. पैसा सरकारचा, म्हणजे सगळ्यांचा. पण बहुतेक ठिकाणी काळ्यांना आत प्रवेश नव्हता. कुठे त्यांच्यासाठी वेगळे लहानसे तळे असे, कुठे तेही नसे. कोर्टाने भेदभाव करू नका म्हटले तेव्हा कित्येक गावांनी काय केले? तलावच बंद केले. मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरात पाच सार्वजनिक तलाव होते, त्यांतले चार गोऱ्यांचे आणि एक काळ्यांचा. सर्वांना एकत्र पोहू द्यायची वेळ आली तेव्हा, १९६३ साली, शहराने ते सगळे बंद केले. काळ्यांनी पोहण्यापेक्षा कोणीच न पोहलेले बरे, असा हा हिशेब. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७१ साली पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. तलाव सर्वांनाच बंद आहे, मग यात भेदभाव कसला, असे न्यायमूर्ती म्हणाले.

फ्लोरिडा राज्यातल्या सेंट ऑगस्टीन गावची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १९६४ च्या जून महिन्यात तिथे मार्टिन ल्यूथर किंग यांचे आंदोलन चालू होते. एका मोटेलवर जेवायला मागितले म्हणून किंग यांना अटक झाली होती. त्यानंतर आठवड्याभराने, १८ जूनला, काळे आणि गोरे कार्यकर्ते मिळून त्याच मोटेलच्या तरणतलावात उतरले. चिडलेल्या मालकाने फरशी धुण्याच्या अ‍ॅसिडची बाटली आणली आणि माणसे पाण्यात असताना ती तलावात ओतली. तलाव मोठा, अ‍ॅसिड थोडे, म्हणून कोणी भाजले नाही. पण त्या क्षणाचा फोटो जगभर छापून आला. आमच्या वाचकांना तो फोटो समजावून सांगायची गरज नाही. २० मार्च १९२७ नंतर महाडात तळे 'शुद्ध' करायला कोणी काय काय ओतले, ते आपल्या घरातल्या पोरांनाही ठाऊक आहे.

आता सांगा, ज्या माणसांच्या तीन पिढ्यांना पाण्याला शिवू दिले नाही, त्यांची मुले पोहायला शिकणार कुठे? आणि ती शिकली नाहीत, की हाडांना बोल!

तरीही माणसे पोहली. कॅरिबियन समुद्रातल्या क्युरासाव बेटावर जन्मलेली एनिथ ब्रिगिथा नेदरलँड्सकडून १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये उतरली आणि तिने दोन ब्राँझपदके मिळवली. शंभर मीटर फ्रीस्टाईलमध्ये तिच्या पुढे आलेल्या दोघी पूर्व जर्मनीच्या होत्या. त्या देशाचे सरकार आपल्या पोरींना उत्तेजक औषधे देत होते, हे पुढे उघड झाले. पदके मात्र बदलली नाहीत. मग १९८८ साली सोलमध्ये सुरिनामचा अँथनी नेस्टी शंभर मीटर बटरफ्लायमध्ये अमेरिकेच्या मॅट बियाँडीच्या पुढे गेला, तोही एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने! कँपॅनिसची मुलाखत होऊन दीड वर्षसुद्धा झाले नव्हते. याच नेस्टीचे नाव २०२४ साली पुन्हा गाजले. पॅरिस ऑलिंपिकला अमेरिकेच्या पुरुष जलतरण संघाचा मुख्य प्रशिक्षक तो होता. पोहता येत नाही आणि संघ सांभाळता येत नाही, या दोन्ही गोष्टींना एकाच माणसाने दिलेले हे उत्तर.

नेस्टीने सोलमध्ये सुवर्ण जिंकले त्याच वर्षीच्या ११ डिसेंबरला जमैकात अलियाचा जन्म झाला. जमैका म्हटले की धावणारे आठवतात, मर्लीन ऑटी, उसेन बोल्ट. चारी बाजूंनी समुद्र असलेल्या या देशात धावण्याला जो मान आहे तो पोहण्याला नाही. पोहण्याला तलाव लागतो, शिकवणारा लागतो, वर्षानुवर्षे पहाटे उठून नेणारे कोणी तरी लागते. धावायला रस्ता पुरतो. अलियाने शाळेत असतानाच देश सोडला आणि ती फ्लोरिडात, पेंब्रोक पाइन्स नावाच्या गावी राहायला आली. तिथल्या शाळेत ती शिकली आणि तिथल्याच क्लबात ख्रिस अँडरसन या प्रशिक्षकाच्या हाताखाली घडली. फ्लोरिडा, म्हणजे ज्या राज्यात तलावात अ‍ॅसिड ओतले गेले तेच राज्य. मधे चाळीस वर्षेही गेली नव्हती.

तिचा प्रकार ब्रेस्टस्ट्रोक. विहिरीत-नदीत पोहणाऱ्या आपल्या पोरांना हा प्रकार माहीत आहे. बेडकासारखे दोन्ही पाय एकदम झाडायचे, दोन्ही हात एकदम पुढे टाकून मागे ओढायचे. दिसायला सोपा, पण शर्यतीच्या चार प्रकारांत सर्वांत हळू आणि नियमांनी सर्वांत जास्त बांधलेला. एक हात आधी, एक हात मागून असे चालत नाही. भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागले पाहिजेत, नाहीतर बाद! उडी मारल्यावर आणि प्रत्येक वळणावर पाण्याखाली एकदाच हातांचा लांब ओढा घेता येतो. त्या ओढ्यात अंग बाणासारखे सरळ ठेवून जो लांब जातो, त्याचा वेळ वाचतो. अलियाची खरी ताकद इथे होती, भिंत सोडल्यावरच्या त्या दोन-तीन सेकंदांत.

पंधराव्या वर्षी, २००४ साली, ती जमैकाकडून अथेन्स ऑलिंपिकला गेली. प्राथमिक फेरीत बाहेर पडली. २००८ साली बीजिंगला गेली, तिथेही अंतिम फेरी दूरच राहिली. मधल्या काळात टेक्सासच्या विद्यापीठात शिक्षण चालू होते. २०१० साली तिने अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या स्पर्धेत दोनशे यार्ड ब्रेस्टस्ट्रोक जिंकली. पदवी झाली, विद्यापीठाचा आधार संपला. बहुतेक पोहणारे इथे थांबतात. नोकरी बघतात, लग्न करतात. त्यात वावगे काही नाही. पोट आधी. अलिया मात्र पुन्हा अँडरसनच्या तलावावर आली.

मग २०१२ सालचे लंडन. शंभर मीटरच्या उपांत्य फेरीत एक चमत्कारिक प्रकार घडला. अंतिम फेरीला आठ जणी जातात. आठव्या जागेवर अलिया आणि कॅनडाची टेरा व्हॅन बेलेन या दोघींची वेळ अगदी सारखी आली, १ मिनिट ७.४८ सेकंद. नियम असा की दोघींनी पुन्हा पोहायचे. त्याच संध्याकाळी एवढ्या मोठ्या तलावात फक्त दोन मुली, एक शर्यत आणि एक जागा! अलिया जिंकली, आणि नुसती जिंकली नाही तर १ मिनिट ६.७९ सेकंद अशी जमैकाची नवी राष्ट्रीय विक्रमी वेळ तिने नोंदवली. दमलेल्या अंगाने.

दुसऱ्या दिवशी अंतिम शर्यत. पंधरा वर्षांची लिथुआनियाची रुटा मेलुटिटे पहिली आली. अलिया चौथी, १ मिनिट ६.९३. ब्राँझपदकापासून अर्ध्या सेकंदाहूनही कमी अंतरावर. आदल्या संध्याकाळी ती दोघींच्या शर्यतीत जेवढी वेगाने पोहली होती, तेवढी वेळ अंतिम शर्यतीत काढली असती तरीही ती चौथीच राहिली असती. म्हणजे ती जादा शर्यत पोहावी लागली नसती तर पदक मिळालेच असते, असे म्हणता येणार नाही. पण कोण जाणे! चौथा क्रमांक हा फार वाईट क्रमांक आहे. आठव्याला कोणी विचारत नाही, चौथ्याला जन्मभर विचारतात.

त्याच वर्षाअखेरीस इस्तंबूलला लहान तलावावरची जागतिक स्पर्धा झाली. पन्नास आणि शंभर, दोन्ही मीटरला अलिया दुसरी. दोन्ही वेळा पुढे तीच रुटा.

आता ६ डिसेंबर २०१४. ही तारीख आपल्या घरांत वेगळ्या कारणाने पाळली जाते, आणि त्या दिवशी आपली लाखो माणसे चैत्यभूमीवर होती. त्याच दिवशी दूर आखाती देशात, दोह्याला, लहान तलावावरच्या जागतिक स्पर्धेतली शंभर मीटरची अंतिम शर्यत होती. रुटा ऑलिंपिक विजेती, आणि विश्वविक्रमही तिच्याच नावावर. अलिया पाच दिवसांनी सव्वीस वर्षांची होणार होती. पोहण्याच्या खेळात हे वय थोरले मानतात. शर्यत संपली, दोघींचे हात भिंतीला लागले. अलियाने वळून फलकाकडे पाहिले. तिच्या नावापुढे १ हा आकडा होता आणि वेळ १ मिनिट २.३६ सेकंद. रुटा दहा शतांश सेकंदांनी मागे. शिवाय ही वेळ रुटाच्या विश्वविक्रमाशी तंतोतंत जुळणारी! काही क्षण तिला ते उमगलेच नाही. डोळे विस्फारलेले, तोंड उघडे, आणि मग एकाएकी पसरलेले हसू. तो चेहरा जगभर दाखवला गेला.

जागतिक पातळीवर पोहण्याचे विजेतेपद मिळवणारी ती पहिली काळी स्त्री. जागतिक स्पर्धा सुरू झाल्या १९७३ साली. म्हणजे एकेचाळीस वर्षांनी. 'पहिली' हा शब्द वर्तमानपत्रे मोठ्या कौतुकाने छापतात. आम्हाला त्यात कौतुकाइतकाच हिशेब दिसतो. एकेचाळीस वर्षे उशीर कोणी केला, तेही त्याच मथळ्याखाली छापायला हवे.

काही जाणकार म्हणतील की हा लहान तलाव. ऑलिंपिकचा तलाव पन्नास मीटरचा, हा पंचवीस मीटरचा. इथे शंभर मीटरला तीन वळणे मिळतात, तिथे एकच. ज्याचे वळण चांगले त्याला इथे फायदा. हे खरे आहे, लपवण्यात अर्थ नाही. पण पुढच्याच वर्षी, २०१५ साली, रशियात कझान इथे मोठ्या तलावावरची जागतिक स्पर्धा झाली आणि अलियाने पन्नास मीटरला रौप्य, शंभर मीटरला ब्राँझ मिळवले. पन्नास मीटरच्या त्या शर्यतीत तर वळणच नसते! तिथे तिचे सुवर्ण सहा शतांश सेकंदांनी हुकले.

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती पुन्हा अंतिम फेरीत गेली आणि आठवी आली. पण त्याच तलावात काही दिवसांनी अमेरिकेची सिमोन मॅन्युएल शंभर मीटर फ्रीस्टाईलमध्ये कॅनडाच्या पेनी ओलेक्सियाकच्या बरोबरीने पहिली आली. वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारी अमेरिकेतली ती पहिली काळी जलतरणपटू. अलियाला रिओत काहीच मिळाले नाही असे म्हणणाऱ्यांनी त्या तलावात कोण कोण उतरले होते तेही पाहावे.

ती थांबली नाही. २०१६ च्या डिसेंबरात कॅनडातल्या विंडसरला शंभर मीटरचे जागतिक विजेतेपद पुन्हा मिळवले, या खेपेला अमेरिकेच्या लिली किंगला मागे टाकून. लिली म्हणजे रिओची सुवर्णविजेती. २०१८ साली चीनमध्ये हांगझोला पन्नास आणि शंभर, दोन्ही जिंकल्या. त्याच वर्षी बुडापेस्टला पन्नास मीटरचा विश्वविक्रम २८.५६ सेकंदांवर आणला. तोही आधी तिच्याच नावावर होता. त्या वेळी ती एकोणतीस वर्षांची होती.

पाचवे ऑलिंपिक टोकियोचे, २०२१ साली झालेले. तिथे ती प्राथमिक फेरीपुढे गेली नाही. त्याच ऑलिंपिकच्या तोंडावर टोप्यांचा वाद निघाला. पोहताना डोक्याला घट्ट रबरी टोपी घालतात. काळ्या बायकांचे केस दाट आणि कुरळे, नेहमीच्या टोपीत मावत नाहीत. म्हणून एका ब्रिटिश कंपनीने मोठी टोपी काढली. जागतिक संघटनेने ती नाकारली. डोक्याच्या नैसर्गिक आकाराशी जुळत नाही म्हणे! कोणाच्या डोक्याच्या? बरीच ओरड झाली तेव्हा २०२२ साली मान्यता मिळाली. बायकांना ही गोष्ट लगेच कळेल. अमुक जागा तुमच्यासाठी नाही हे सांगायला दर वेळी पाटी लावावी लागत नाही, टोपीचा आकारही पुरतो.

२०२१ च्या डिसेंबरात अबुधाबीच्या जागतिक स्पर्धेनंतर अलियाने निवृत्ती घेतली. पाच ऑलिंपिक, सतरा वर्षे, ऑलिंपिकचे एकही पदक नाही. लहान तलावावरची चार जागतिक विजेतेपदे.

आता आपल्या घरच्यांसाठी दोन शब्द. अमेरिकेच्या जलतरण संघटनेने मेम्फिस विद्यापीठाबरोबर एक पाहणी केली होती. २०१७ च्या त्या पाहणीत शंभरांतल्या चौसष्ट काळ्या मुलांना पोहता येत नव्हते किंवा जेमतेम येत होते. गोऱ्या मुलांत हे प्रमाण चाळीस होते. त्याच पाहणीतला दुसरा आकडा आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. आईबापांना पोहता येत नसेल तर मूल शिकण्याची शक्यता शंभरात एकोणीसच. म्हणजे जी भीती आजीला होती ती नातीपर्यंत येते. तलावावरची पाटी निघून पन्नास वर्षे झाली तरी 'पाण्याजवळ जाऊ नकोस' हे घरातले वाक्य तसेच राहते. आपल्याकडे वेगळे काय आहे? पोरगा नदीवर गेला की आईचा जीव टांगणीला. पोरीला तर विहिरीकडे बघूही देत नाहीत. पोहता न येणारी पोरे पावसाळ्यात खाणीत, खदानीत, ओढ्यात उतरतात, आणि मग वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात चार ओळींची बातमी येते.

महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा तरणतलाव असलेल्या गावांत एप्रिल-मे महिन्यांत सुट्टीचे वर्ग निघतात. फी खासगी क्लबाच्या मानाने पुष्कळ कमी असते. बहुतेक ठिकाणी डॉक्टरांचा दाखला आणि फोटो लागतात, आणि जागा लवकर भरतात, म्हणून मार्चमध्येच चौकशी करावी. मुलींसाठी आणि बायकांसाठी वेगळी वेळ असते का, शिकवायला बाई असते का, हे खिडकीवर स्पष्ट विचारावे. नसेल तर चार घरच्या बायकांनी मिळून अर्ज द्यावा. अशा अर्जांवर काही ठिकाणी वेळ मिळालेली आहे. मूल सहा-सात वर्षांचे झाले की पाठवायला हरकत नाही. पहिले आठ दिवस ते रडेल, नाकातोंडात पाणी जाईल, घरी आल्यावर दुप्पट जेवेल. आईचीही शिकायची इच्छा असेल तर तिने मुलाचा वर्ग संपेपर्यंत बाकड्यावर बसून राहू नये, त्याच खिडकीवर स्वतःचाही फॉर्म मागावा.